पावसाळ्यात सगळ्या फ्लॅटांचे फायर अलार्म एकदम वाजतात? डिटेक्टर बदलण्याआधी न्यूट्रल मोजा

इमारत गोव्यातल्या पर्वरीची. स्टिल्ट अधिक चार मजले, सोळा फ्लॅट. प्रत्येक फ्लॅटच्या हॉलमध्ये धुराचा एक आणि स्वयंपाकघरात उष्णतेचा एक अलार्म. दोन्ही २३० व्होल्टवर चालणारे, पोटात बॅकअपची बॅटरी असलेले. असे ३२ अलार्म एका तिसऱ्या वायरीने एकमेकांना बांधलेले, म्हणजे एक ओरडला की सगळे ओरडणार. कल्पना चांगली होती. पण जून लागला की पहाटे सगळी इमारत एकदम दणाणून उठायची. लोक लुंगीवर खाली, म्हातारी माणसे जिन्यात, आणि धूर कुठेच नाही. पाच मिनिटांनी आपोआप बंद. सप्टेंबर सरला की त्रास संपला. पुढच्या जूनला परत तेच.

सलग तीन वर्षे हे चालले. पहिल्या वर्षी कोणीतरी सहा अलार्म बदलून दिले. दुसऱ्या वर्षी मला बोलावले, आणि मीही तेच केले जे सगळे करतात. पाऊस म्हणजे ओल, असे धरून सगळ्या अलार्मचे बेस उतरवले, पुसले, सुकवले, सिलिकॉन भरले आणि बिल लावले. दहाव्या दिवशी सेक्रेटरी सरांचा फोन, “अरे, परत वाजला रे.” गोव्यात राहून आपल्याला एक सवय लागली आहे. जूनमध्ये काहीही बिघडले की ओलीवर ढकलायचे आणि चहा प्यायचा.

तिसऱ्या वर्षी हत्यारांची पेटी न उघडता वॉचमनला एक वही दिली. वाजला की वेळ लिही, पाऊस होता का ते लिही, लाईट होती का ते लिही. बाकी काही नको. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. त्यांतल्या सात पहाटे पावणेसहा ते साडेसहा या वेळातल्या, तीन लाईट जाता-येताच्या आणि एक रात्री साडेआठची. अकरांपैकी चार वेळा पाऊस नव्हताच. वॉचमनने एका ठिकाणी स्वतःहून लिहिले होते, “पदेर येऊन गेल्यावर लगेच.” पदेर म्हणजे पाववाला. त्याच्या सायकलच्या भोंग्याने अलार्म वाजत नाही, पण त्या वेळी घराघरांत काय चालू होते? गीझर. मे महिन्यात गोव्यात टाकीचे पाणीच अंगाला भाजते, तेव्हा गीझरला कोण हात लावतो? जून लागला, पाणी गार पडले की घराघरांत पहाटे गीझर. पावसाळा दोषी होता खरा, पण ओलीमुळे नव्हे.

पुढे जाण्याआधी ही जोडणी मुळात आली कुठून ते सांगतो, कारण खोट तिथेच आहे. ४०१ चे मालक इंग्लंडातल्या स्विंडनला असतात. आपली बरीच माणसे तिकडे आहेत, त्यांतलेच एक. तिकडच्या त्यांच्या घरात असे अलार्म आहेत, खालच्या मजल्यावर टोस्ट करपला की वरच्या बेडरूममधला वाजतो. त्यांना आवडले. दोन खेपांत त्यांनी सोळा घरांसाठी अलार्म आणले, सोसायटीला भेट दिले, आणि इथल्या वायरमनने कागदावरचे चित्र बघून जोडले. चित्र एका घराचे होते. ब्रिटनमध्ये घरांसाठी बीएस ५८३९ चा भाग ६ लागू होतो, आणि त्यात ही तिसरी वायर एका घराच्या आत फिरते. फ्लॅट असेल तर त्या फ्लॅटच्या दाराच्या आत. जिना, लॉबी यांची व्यवस्था वेगळी असते. इथे मात्र एकच वायर सोळा घरांतून ओवली होती, गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या फळांसारखी. त्या अलार्मच्या पत्रकावर एका साखळीत जास्तीत जास्त १२ नग असे छापलेले होते, इथे ३२. तेही एक वेळ चालून गेले असते. खरा घोळ असा की स्विंडनचे घर एका मीटरवर, एका बोर्डावर चालते. पर्वरीची सोळा घरे सोळा मीटरांवर आहेत आणि ती रेड, यलो, ब्लू अशा तीन फेजांत, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या लाइनींत, वाटलेली आहेत.

तिसऱ्या वायरीत नेमके काय चालते ते कळले की पुढचे सोपे जाते. अलार्म वाजला की तो त्या वायरीवर थोडे व्होल्टेज सोडतो. या नगांत ते नऊच्या आसपास होते. बाकीचे अलार्म ते व्होल्टेज बघून ओरडू लागतात. पण व्होल्टेज नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते. अशा बऱ्याच अलार्मच्या पोटात ट्रान्सफॉर्मर नसतो, तेव्हा तुलना होते ती त्या त्या घराच्या न्यूट्रलशी, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीशी. एका घरात सगळे अलार्म एकाच न्यूट्रलवर असतात, म्हणून प्रश्न येत नाही. दोन घरांचे न्यूट्रल मात्र कागदावरच एक असतात. मीटर रूमपासून फ्लॅटपर्यंतच्या वायरीत भार चालू झाला की न्यूट्रल शून्यावर राहत नाही, थोडा वर उचलला जातो. जोड चांगला असेल तर एखाद-दोन व्होल्ट. जोड ढिला असेल तर बरेच जास्त. मग शेजारच्या घरातल्या अलार्मला तिसऱ्या वायरीवर व्होल्टेज ‘दिसते’, आणि तो प्रामाणिकपणे ओरडतो.

मोजायला जाण्याआधी एक सावधगिरी, आणि ती हलक्यात घेऊ नका. अशा इमारतीत एका फ्लॅटचा मेन स्विच पाडला तरी तिसरी वायर मेलेली नसते, ती दुसऱ्या पंधरा घरांतून जिवंत असते. मी ३०३ मध्ये मेन पाडून अलार्म उतरवला, सवयीने टेस्टर लावला आणि तिसऱ्या वायरीवर दिवा लागला. मागाहून कळले की १०२ मध्ये कोणीतरी अलार्मला फेज आणि न्यूट्रल उलटे दिले होते. त्या नगाचे ‘शून्य’ म्हणजे फेज. तो वाजता तर वायरीवर नऊ व्होल्ट नव्हे, २३० फिरले असते. पहिल्या वर्षी जळालेले सहा अलार्म कशाने गेले याचा उलगडा तिथे झाला. म्हणून पहिले काम हे की प्रत्येक अलार्मच्या बेसवर फेज-न्यूट्रल तपासा. टेस्टरने नव्हे, मीटरने, अर्थिंगच्या तुलनेत.

मग मोजणी. मल्टिमीटर एसीवर ठेवला. २०२ च्या न्यूट्रलपासून एक लांब वायर जिन्यातून ३०२ पर्यंत ओढली आणि दोन न्यूट्रलमधला फरक बघितला. सगळे शांत असताना ०.४ व्होल्ट. ३०२ च्या वहिनींना गीझर लावायला सांगितला, काटा ७.१ वर. काही सेकंदांत ३२ अलार्म चालू. गीझर बंद केला, शांत. परत लावला, परत वाजले. तिसऱ्यांदा लावायला वहिनींनी नकार दिला, कारण खाली शेजारी जमले होते. मग एवढेच केले की ३०२ च्या दाराबाहेर तिसरी वायर तोडली. त्यानंतर गीझर लावला तरी इमारत गप्प.

आता हिशोब करून बघा. गीझर २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर. सात व्होल्ट भागिले ८.७ म्हणजे ०.८ ओम. मीटर रूम ते तिसरा मजला एवढ्या अंतरात चांगल्या तांब्याच्या वायरीला एवढा रोध येतच नाही, तो एका जोडात बसला आहे. आणि ८.७ चा वर्ग गुणिले ०.८ केले की साठ वॅट निघतात. म्हणजे मीटर रूममध्ये कुठेतरी एका स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत रोज पहाटे साठ वॅटच्या बल्बाएवढी उष्णता तयार होत होती. खाली जाऊन बघितले. मीटरनंतरच्या न्यूट्रल लिंकवर ३०२ चा स्क्रू बोटाने फिरला. वायरीचे काळे आवरण तपकिरी पडून कडक झालेले, खालचे बेकलाइट फुगलेले, वास येत होता. लोक तीन वर्षे त्या अलार्मना शिव्या घालत होते.

मीटरच्या आधीचा भाग आणि सील गोवा वीज खात्याचे, त्याला आपण हात लावायचा नाही. काही दिसले तर अर्ज करायचा. मीटरनंतरचे काम परवानाधारक कंत्राटदाराचे. लिंक बदलली, जळकी टोके कापून मागे घेतली, नवीन लग चेपून बसवले आणि सोळाही न्यूट्रल स्क्रू आवळले. त्यांतले चार ढिले निघाले. समुद्राकडून येणारा खारा वारा पर्वरीच्या पठारावरही पोचतो, पितळेवर हिरवी पुटे चढतात. त्या दिवसानंतर पहाटेचा त्रास थांबला.

लाईट जाता-येताच्या तीन नोंदी मात्र उरल्या होत्या, आणि त्या ह्या दुरुस्तीने जाणार नव्हत्या. पाच घरांत इन्व्हर्टर आहेत, आणि अलार्म ज्या लाइटिंग सर्किटवर आहेत ते इन्व्हर्टरवर जाते. काही इन्व्हर्टर लाईट गेली की न्यूट्रलही तोडतात, त्या घराचा न्यूट्रल मग तरंगत राहतो आणि तिसरी वायर गोंधळते. शिवाय १०४ मध्ये एक वेगळीच तक्रार होती. अलार्मचे टेस्टचे बटन दाबले की आरसीसीबी, म्हणजे गळती दिसताच वीज तोडणारा स्विच, पडायचा. तो ३० मिलिअँपिअरचा असला तरी १५ नंतर कधीही पडू शकतो, निर्मितीचा नियमच तसा आहे. १०४ च्या जुन्या वॉशिंग मशीनची गळती आधीच बारा-तेरा होती. अलार्म वाजला की तिसऱ्या वायरीतून जो थोडा करंट जातो तो दुसऱ्या घराच्या न्यूट्रलने परततो, १०४ च्या आरसीसीबीला तो गळतीच वाटतो, आणि काठावरचे भांडे ओसंडते. यावर आरसीसीबी काढून टाकणे हा उपाय नाही. मागे एकाने तो सुचवला होता, म्हणून लिहितो.

मग जोडायचे कसे

इमारतीचे अलार्म एकमेकांना जोडलेले असावेत, याबद्दल माझे दुमत नाही. तळमजल्याच्या मीटर रूमला आग लागली तर चौथ्या मजल्याला कळले पाहिजे, जिना एकच आहे. ४०१ च्या मालकांनी फोनवर वाद घातला की तिकडे आपल्या घरात आग नसेल तर दार लावून आतच थांबायचे असते. तिकडच्या फ्लॅटांची दारे आणि भिंती त्या हिशोबाने बांधलेल्या असतात म्हणून ते चालते. आणि १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये तो हिशोब चुकला, ७२ माणसे गेली. आपल्याकडे फ्लश डोअर, आणि वायरींच्या डक्टला प्रत्येक मजल्यावर उघडे भोक. आत थांबा असे मी तरी कोणाला सांगणार नाही.

आम्ही तिसरी वायर प्रत्येक दाराशी तोडली आणि टोके बंद केली. आता प्रत्येक घराचे दोन अलार्म आपसात जोडलेले आहेत, बाहेर काही जात नाही. सुके बांगडे भाजताना २०३ चा अलार्म वाजला तर २०३ पुरताच वाजतो.

इमारतीसाठी वेगळी २४ व्होल्टची साधी, पत्ते नसलेली (कोणता डिटेक्टर ते नव्हे, इमारतीचा कोणता भाग किंवा झोन एवढेच सांगणारी) पद्धत घातली. सहा झोनचे पॅनेल सोसायटीच्या कॉमन मीटरवर, पोटात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या. एक मजला एक झोन, पाचवा झोन स्टिल्ट आणि मीटर रूमचा, सहावा रिकामा. प्रत्येक लँडिंगवर धुराचा डिटेक्टर, आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये मुख्य दाराच्या आत उष्णतेचा एक डिटेक्टर, ५७ अंशांवर इशारा देणारा. धुराचा मुद्दाम घातला नाही. धूप, उदबत्ती, मासे या कशानेही सगळी इमारत उठता कामा नये. हॉलचे तापमान ५७ ला पोचले तर मात्र उठलीच पाहिजे. कोणाला आपला जुना २३० व्होल्टचा अलार्मच पॅनेलला जोडायचा असेल तर रिले बेस, म्हणजे अलार्म वाजला की आतला स्विच दाबणारा बेस, घ्यावा आणि रिलेचा कोरडा (घरची वीज नसलेला) कॉन्टॅक्ट झोनवर आणावा. दोन घरांमध्ये फक्त कॉन्टॅक्ट जावा, वीज जाऊ नये.

वायरिंगमध्ये लोक जिथे हमखास चुकतात ती जागा म्हणजे शाखा. झोनच्या दोन वायरी एका डिटेक्टरमध्ये जाऊन त्यातूनच बाहेर पडून पुढच्यात गेल्या पाहिजेत, आणि सर्वांत शेवटच्यात रेझिस्टर लागला पाहिजे. आमच्या पॅनेलला तो ४.७ किलो-ओमचा होता. तुमच्या पॅनेलच्या पुस्तिकेत असेल तोच घाला, पेटीत सापडला तो नको. २४ व्होल्टला ४.७ किलो-ओमने भागा, पाच मिलिअँपिअर येतात. पॅनेल अहोरात्र हे पाच मोजत असते. वायर तुटली की शून्य, पॅनेल फॉल्ट दाखवते. डिटेक्टरने इशारा दिला की करंट कितीतरी पटीने वाढतो, पॅनेल अलार्म देते. आता मध्येच जंक्शन बॉक्समधून एका फ्लॅटकडे शाखा काढली आणि ती शाखा तुटली, तर शेवटचा रेझिस्टर जागेवरच आहे, पाच मिलिअँपिअर वाहतच आहेत, पॅनेलवर हिरवा दिवा. तो फ्लॅट मात्र साखळीबाहेर गेलेला असतो आणि कोणाला पत्ता नसतो. फ्लॅटमध्ये जाऊन परत लँडिंगवर यायला दुप्पट वायर लागते, म्हणून कंत्राटदार शाखा काढतो. तपासायला सोपे आहे. एकेक डिटेक्टर बेसमधून फिरवून काढायचा, दर वेळी पॅनेलवर फॉल्ट आलाच पाहिजे. आमच्याकडे २१ पैकी दोन ठिकाणी आला नाही. दोन्ही ठिकाणी पॉपचे (प्लास्टरचे) छत उघडून वायर परत फिरवावी लागली, आणि त्या घरांतल्या काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

हूटर, म्हणजे भोंगा, फक्त लँडिंगवर लावून भागत नाही. झोपलेल्या माणसाच्या उशाशी ७५ डेसिबल आवाज पोचावा असे ब्रिटिश संहिता धरते. दोन बंद दारे, पंखा आणि छपरावरचा पाऊस यांतून लँडिंगचा हूटर तेवढा पोचत नाही. आम्ही प्रत्येक हॉलमध्ये छोटा हूटर दिला. तो लावताना अधिक-उणे बघा. पॅनेल शांत असताना हूटरच्या लाइनवर उलटे व्होल्टेज ठेवून तिची तपासणी करत असते, आणि हूटरच्या आतला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) ते अडवतो. एक हूटर उलटा लागला तर लाइन कायम फॉल्टमध्ये दिसते, आणि खरी आग लागली की तेवढाच एक गप्प बसतो.

या २४ व्होल्टच्या वायरी २३० च्या पाइपातून नेऊ नका, त्यांना वेगळा पाइप द्या. वायरीभोवती शील्ड (धातूचे आवरण) असेल तर ती पॅनेलच्याच टोकाला अर्थ करा, दुसरे टोक मोकळे. आणि मेगर (वायरीचे इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावायचा असेल तर आधी सगळे डिटेक्टर उतरवा आणि पॅनेलमधून वायरी सोडवा. ५०० व्होल्ट वायरीला सोसतात, इलेक्ट्रॉनिक्सला नाही.

ओलीचाही थोडा वाटा असतो

तो नसतो असे मी म्हणत नाही. पाइपातून वर येणारी दमट हवा बेसच्या भोकातून डिटेक्टरच्या धुराच्या कप्प्यात शिरते, म्हणून ते भोक पुट्टीने बुजवा. कप्प्यात मुंग्या, कोळी शिरतात, बेसमागे पाली अंडी घालतात. एकाच नगाची तक्रार परत परत येत असेल तर तो शेजारच्या बेसमध्ये लावून बघा. तक्रार नगाबरोबर गेली तर नग खराब, जागेवरच राहिली तर वायर किंवा जागा. मे महिन्यात, पावसाच्या आधी, सगळे व्हॅक्यूमने हलकेच साफ करा. चतुर्थीच्या रंगकामाला टोप्या घाला आणि रंगारी गेल्यावर त्या काढा. गेल्या वर्षी दोन टोप्या दिवाळीपर्यंत तशाच होत्या. फ्लॅटमधल्या अलार्मवर गप्प करण्याचे बटन असते ते घरच्यांना दाखवा, नाहीतर धुपाच्या धुराने वाजला की लोक तो उतरवून ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि तो तिथेच राहतो. अलार्मच्या कडेला बदलण्याची तारीख छापलेली असते, साधारण दहा वर्षांची. ती बघा.

पॅनेलच्या बॅटऱ्या दर सहा महिन्यांनी अशा बघतो की कॉमन मेन पाडतो, एक तासाने हूटर वाजवतो आणि तेव्हा बॅटरीवर किती व्होल्ट उरले ते वहीत लिहितो. नुसते बारा दिसले म्हणून खूश होऊ नका, भार घातल्यावर काय दिसते ते खरे.

वॉचमनची वही अजून चालू आहे. गेल्या पावसाळ्यात एकच नोंद झाली, तीही सेक्रेटरी सरांनी स्वतः अलार्मच्या बटनाची काच फोडून घेतलेल्या सरावाची. काम राहिले आहे ते फक्त ४०१ चे. फ्लॅट बंद, त्यामुळे दाराच्या आतला डिटेक्टर बसवता आला नाही. चौथ्या मजल्याचा झोन तेवढा सोडून पुढे नेला आहे. आत त्यांचे ते दोन जुने अलार्म आहेत, बहुधा बॅटरी संपत आली म्हणून मिनिटा-दीड मिनिटाला एकदा चिवचिवतात, आणि ४०२ च्या आजींना रात्री ते ऐकू येते. चावी स्विंडनला आहे, नाताळात येतो म्हणाले आहेत.